शिळ्या पाण्याची बाग

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, नवशिक्यांना उपयोगी पडतील अशा बागकामाच्या दहा गोष्टी लिहून द्या. मी म्हटलं, अहो, अठ्ठावीस वर्षं माती उपसली तरी माझ्याकडे दहा काही निघायच्या नाहीत. चार आहेत, त्या सांगते. पाचवी मला ऐंशीच्या घरातल्या एका माणसाने शिकवली, तिला मात्र बरीच पानं लागतील. ते बिचारे चहा पिऊन 'बरं' म्हणाले. आता भोगा म्हणावं.

मी परळच्या एका सार्वजनिक बागेत माळी होते. माझे यजमान तिथेच कामाला होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागेवर मला घेतलं. पहिल्याच दिवशी मुकादमाने हातात खुरपं दिलं आणि शेवंतीच्या वाफ्यातलं गवत काढायला सांगितलं. गवत कुठलं नि रोप कुठलं, ते विचारायची मला लाज वाटली. दुपारपर्यंत मी शेवंतीची अख्खी ओळ उपटून, नीट जुडी बांधून त्याच्यापुढे नेऊन ठेवली. तो ओरडला नाही. डोक्याला हात लावून बसला आणि मग ती सगळी रोपं माझ्याकडूनच परत लावून घेतली. त्यातली निम्मी जगली. त्या निम्म्यांसाठी मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले, मग तिसऱ्या दिवशी, आणि अशीच रिटायर झाले.

रिटायर झाल्यावर लोक बोलवायला लागले. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, प्रत्येकाला हातभर गॅलरी मिळाली आणि प्रत्येकाला तिथे बाग हवी झाली. दादरच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला मोबाइलवर काश्मीरचा फोटो दाखवून अस्संच करून द्या म्हटलं होतं. त्यांच्या गॅलरीत दुपारी तीनला असं ऊन यायचं की पापड वाळत घालावेत. शेवटी आम्ही सदाफुली आणि ऑफिसटाइम लावला. दहाच्या ठोक्याला ऑफिसटाइमची फुलं उघडली की बाई अजून मला फोटो पाठवतात.

तर माझ्या चार गोष्टी. पहिली, नर्सरीत जायच्या आधी तीन दिवस चहाचा कप घेऊन गॅलरीत बसा आणि ऊन कुठे येतं, किती वाजता जातं ते बघा. झाड आपल्या आवडीने घ्यायचं नसतं, त्या उन्हाला विचारून घ्यायचं असतं. दुसरी, कुंडीला भोक पाहिजे. कुंडी कितीही देखणी असू दे, भोक नसेल तर तिच्यात छत्र्या ठेवा. तिसरी, पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसा. दुसऱ्या पेरापर्यंत माती ओली लागली तर तांब्या परत न्या. माझ्या अनुभवात पाण्यावाचून मेलेल्या झाडांपेक्षा पाण्याने मेलेली झाडं जास्त. चौथी, वरच्या मजल्यांवर वारा विसरू नका. दांडगी झाडं बाहेरच्या बाजूला, नाजूक त्यांच्या आडोशाला, आणि कठड्यावर काहीही टांगायचं नाही. आणि हो, सगळ्यात आधी एका माणसाला बसायला जागा सोडायची. झाडं उरलेल्या जागेत.

ह्या चार गोष्टींवर मी खुशाल चालले होते. मग नलूताईंचा फोन आला.

नलूताई माझ्या बागेत सकाळी फिरायला यायच्या. दोन फेऱ्या मारून बाकावर बसायच्या आणि पडलेली बकुळीची फुलं पदरात वेचायच्या. त्यांची लालबागची चाळ पाडली, तेव्हा त्या नवऱ्याला घेऊन अँटॉप हिलला भाड्याने राहायला गेल्या. काही वर्षांनी त्याच जागेवर टॉवर उभा राहिला आणि त्यांना सतराव्या मजल्यावर खोली मिळाली. चाळीतल्या माणसांपैकी बरेचजण खोल्या विकून बदलापूर-विरारला गेले होते. मजल्यावर ओळखीचं दार एकही उरलं नव्हतं.

फोनवर त्या म्हणाल्या, आमचा चाफा बघून जा. मी गेले तर गॅलरीत लोखंडी पिंपात सोनचाफा उभा, पुरुषभर उंच, पिंपाचं बूड गंजून गळून गेलेलं. नलूताईंचे यजमान, तात्या, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. हा चाफा त्यांनी चाळीच्या सज्जात, खोलीच्या दाराबाहेर लावलेला. चाळीतून अँटॉप हिलला आणि तिथून इथे, टेम्पोत घालून आणला होता. तात्या त्याच्याशेजारी स्टुलावर बसले होते. अंगात धुतलेला सदरा, मांडीवर पिशवी. माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं का तुमचं? मग घरी सोडा आम्हाला."

तात्यांची आठवण जायला लागली होती. दिवसातून दहादा ते पिशवी भरायचे आणि लिफ्टपाशी जाऊन उभे राहायचे. नलूताई समजवायच्या, अहो हेच आपलं घर, चाळ होती तीच ही जागा. ते खिडकीतून खाली बघायचे आणि बायकोकडे कीव करून हसायचे. मुलगा ठाण्याला. तो म्हणाला होता, बाबा एकदा जरी बाहेर हरवले तरी मी त्यांना पनवेलच्या एका केंद्रात ठेवणार, तिथे अशी माणसं सांभाळतात. मुलगा वाईट नाही हो. आईचे गुडघे त्याला दिसत होते. पण नलूताई हे सांगताना चाफ्याची पानं पुसत होत्या आणि पुसलेलंच पान परत परत पुसत होत्या. चाफा जगला तर ह्यांना हे घर आपलं वाटेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

मी झटून बाग केली. गंजलेलं पिंप सोसायटीला नको होतं, म्हणून चाफा मोठ्या नव्या कुंडीत घातला. खालच्या मजल्यावर पाणी ठिबकायला नको अशी नोटीस होती, म्हणून कुंडीखाली खोल ताटली ठेवली. वाऱ्याच्या बाजूला शेवग्याएवढा उंच होणारा पाम, आडोशाला मोगरा, कोपऱ्यात तुळस, आणि मधे तात्यांचं स्टूल. एवढी देखणी गॅलरी मी आजवर केली नव्हती. पंधरा दिवसांनी गेले तर चाफ्याची पानं पिवळी पडून माना टाकायला लागलेली. मातीत बोट घातलं, तर चिखल. ताटली काठोकाठ. तात्या रोज पहाटे उठून तांब्या-तांब्याने सगळ्या कुंड्यांत पाणी ओतायचे, मिळेल त्या भांड्यातलं, नलूताईंना जाग यायच्या आत.

मी चिडले. माझा स्वभावच तो. झाडाचं नुकसान दिसलं की मला समोरचं माणूस दिसत नाही. मी तात्यांना शाळेतल्या मुलासारखं झापलं, त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि नलूताईंना सांगितलं की गॅलरीला कुलूप लावा. तात्यांनी आपल्या रिकाम्या हाताकडे बघितलं. त्या हाताची मला आजही लाज वाटते.

चाफा काही वाचला नाही. मुळं कुजली होती. आणि श्रावणातल्या एका सकाळी दूधवाल्यासाठी उघडलेलं दार तसंच राहिलं आणि तात्या बाहेर निघून गेले.

दोन तास शोधाशोध झाली. मीही धावत गेले. शेवटी ते खाली पार्किंगमध्ये सापडले. तिथे गाड्या धुवायला एक नळ आहे. त्या नळासमोर तात्या उकिडवे बसले होते, पुढ्यात घरातली पितळी कळशी. वॉचमन त्यांना उठवायला बघत होता आणि ते त्याला शांतपणे सांगत होते, "माझा नंबर आहे. पाणी आलं की भरतो आणि जातो."

मुलगा ठाण्याहून आला. त्याने आवाज चढवला नाही, हेच वाईट. गणपती झाले की बाबांना पनवेलला नेतो, म्हणाला. नलूताई आत गेल्या आणि भात उतू गेला तरी बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझं गिरगावात काम होतं, फिलोमिना आंटीकडे. आंटी तिथल्या एका वाडीतल्या जुन्या लाकडी घरात राहतात, महिन्यातून एकदा मी त्यांची गुलाबं छाटायला जाते. त्या दिवशी माझं लक्ष कशात नव्हतं. छाटता छाटता घरामागे गेले आणि तिथेच उभी राहिले. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे अळू, कर्दळ आणि सोनटक्का नुसता माजला होता. हिरवा काळोख झालेला. श्रावणातलं मऊ ऊन वरून गळत होतं, सोनटक्क्याच्या कळ्यांचा वास जमिनीलगत साचला होता. आंटींना विचारलं, ह्याला काय घालता? त्या म्हणाल्या, "काय नाय घालत मी. मोरीचा पाणी जाते ना, तेच पिते ते. जास्ती झाला तर जास्ती खूश."

मी त्या ओल्या पायरीवर बसले आणि कुठल्या कुठे गेले. गावच्या आमच्या न्हाणीच्या मागे अशीच केळ नि अळू. आणि मग परळची आमची चाळ, दुसरा मजला, नऊ नंबर. पहाटे पाचला पाणी यायचं, साडेसहाला जायचं. नळ सुरू व्हायच्या आधी घरातलं कालचं सगळं पाणी ओतून हंडे-कळशा रिकाम्या करायच्या. ते शिळं पाणी. देवाला चालत नाही, त्यात डाळ शिजत नाही, असं प्रत्येकीचं ठाम मत. मग ज्याचं त्याचं शिळं पाणी ज्याच्या त्याच्या दारातल्या कुंडीत. दुसऱ्याच्या कुंडीत घातलंत तर भांडण. शेजारीण गावाला गेली असेल तरच तिच्या कुंडीकडे बघायचं, आणि ते तिने न सांगता. अंधारात सज्जाभर पाणी ओतल्याचे आवाज, मातीचा वास, स्टोव्हचा वास, आणि कुणीतरी जिन्यातून हाक द्यायचं, आलं गो आलं. मी डोळे मिटले तर मला ते सगळं ऐकू आलं.

चाळीत तात्या झाडाला पाणी घालत नव्हतेच कधी. ते घरातलं शिळं पाणी काढायचे. चाफ्याच्या पिंपाचं बूड गळलेलं, म्हणून ते पाणी खालच्यांच्या डोक्यावर जायचं आणि चाफा जगायचा. मी अक्कल लढवून त्याच्याखाली ताटली लावली. आणि तो माणूस घर शोधत नव्हता, पहाटेचं ते पाणी शोधत होता. चोवीस तास पाणी असलेल्या घरात पाणी येतच नाही.

म्हणून ही माझी पाचवी गोष्ट. बाग करण्याआधी तिला पाणी कोण घालणार आणि तो माणूस कसा आहे, ते बघा. विसरभोळा असेल तर कोरफड नि जेड लावा. प्रवासातला असेल तर मनीप्लांट. आणि हात सैल असेल तर हात बांधू नका, झाडं बदला.

आंटींकडून मी पानांसकट गड्डे मागून घेतले आणि बसमधून मांडीवर घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, मावशी, शेत घेऊन चाललात का. नलूताईंच्या गॅलरीत मी माझाच दुसरा नियम मोडला. बुडाला भोक नसलेले तीन मोठे टब आणले आणि पायऱ्यांसारखे एकाखाली एक मांडले. प्रत्येकाला वरच्या अंगाला एक भोक, तिथून वरच्याचं जास्तीचं पाणी खालच्यात, आणि शेवटच्याचं नळीने गॅलरीतल्या जाळीत. वर पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून मातीवर खडीचा थर. वरच्यात कर्दळ, मधल्यात सोनटक्का, खालच्यात अळू. रोज दोन हंडे ओतले तरी ह्या तिघांना काही व्हायचं नाही. खालच्या मजल्यावर थेंब जायचा नाही. आणि अळूची भाजी घरची.

गॅलरीत वॉशिंग मशीनसाठी नळ होता. नलूताईंना सांगितलं, रात्री झोपताना हंडा नि कळशी भरून ठेवा आणि ह्या नळाची वरची चावी बंद करा. पहाटे पाचला सोडा.

पहिल्या पहाटे तात्या उठले, भरलेला हंडा बघितला, वाहणारा नळ बघितला आणि पिशवी घेऊन दाराकडे गेले. दुसऱ्या पहाटेही तसंच. नलूताईंचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात काही उरलं नव्हतं. गणपती आठवड्यावर आले होते.

तिसऱ्या दिवशी मी पहाटे माझी कळशी घेऊन निघाले. का नेली ते मला नीट सांगता येणार नाही, मोकळ्या हाताने पाण्यावर जायची सवय नाही म्हणून असेल. सतराव्या मजल्यावर धुकट उजेड होता. खाली लालबाग झोपलेलं, लांब गिरणीची एक उरलेली चिमणी, तिच्यापलीकडे करडं आभाळ, आणि त्या आभाळात आमची ही गॅलरी लोंबकळत होती. मी नळासमोर कळशी ठेवली आणि उभी राहिले. तात्या दाराशी होते. त्यांनी मला बघितलं, कळशी बघितली आणि पिशवी खाली ठेवली.

आत जाऊन त्यांनी हंडा उचलून आणला. मला मधे पडू दिलं नाही. कर्दळीच्या टबात तो सगळा ओतला. पाणी गुळगुळ करत खालच्या टबात उतरलं, तिथून अळूत. ते ऐकत उभे राहिले. मग रिकामा हंडा माझ्या कळशीच्या मागे ठेवला आणि मला विचारलं, "तू कितव्या खोलीतली गो?"

आमच्या परळच्या चाळीचा आज दगडही नाही. पण तोंडातून पटकन निघून गेलं, "नऊ नंबर."

"मग तुझं शिळं पाणी तुझ्या कुंडीत घाल. आमच्यात नको."

पाण्याला कधी माणूस एकटं जातं का? हे मला तोवर सुचलं नव्हतं. नळ असून भागत नाही, आपल्या पुढे कुणाची तरी कळशी लागते. दुसऱ्या दिवशी मी रंगाचा एक रिकामा डबा नेला, त्यात ब्राह्मी लावली आणि बाहेरून गेरूने नऊ लिहिलं. रोज पहाटे जायला लागले. आधी तात्यांचा हंडा ओतून व्हायचा, मग मी माझ्या डब्यात माझं पाणी घालायचे, मग पाणी 'यायचं'. तात्या भरायचे, हंड्याला ओला फडका लावायचे आणि स्टुलावर बसून चहा प्यायचे. पिशवी कोपऱ्यात तशीच राहायची. नलूताई एकदा मला आत नेऊन म्हणाल्या, आज एकदाही घरी चल म्हणाले नाहीत. एवढं सांगून त्या कणीक मळायला लागल्या. मला फार आनंद झाला. इतका आनंद मला माझ्या पेन्शनीच्या कागदाने झाला नव्हता.

गणपतीला मुलगा दीड दिवस राहिला. पहाटे आवाजाने उठून गॅलरीच्या दारात आला आणि बापाला हंडा ओतताना बघत राहिला. मग न्हाणीघरातून बादली आणून तो आमच्या मागे तिसरा उभा राहिला. तात्यांनी वळून विचारलं, नवीन भाडेकरू का? तो म्हणाला, हो. तात्यांनी त्याला पाणी साडेसहाला जातं हे समजावून सांगितलं. जाताना मुलाने आईला गुडघ्यांचं औषध दिलं आणि पनवेलचं नाव काढलं नाही.

दसऱ्यानंतर मी गावी गेले. पावसात फुटलेली घराची कौलं बदलायची होती. चार दिवसांचं काम पंधरा दिवसांवर गेलं. ऑक्टोबरचं ऊन, सतरावा मजला, आणि एवढ्याशा डब्यात ब्राह्मी. दोन दिवस पाणी नसलं की संपलीच. पाणी घाला म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं. नलूताईंना त्यांचं त्यांनाच पुरे होतं, आणि तात्या दुसऱ्याच्या कुंडीला हात लावायचे नाहीत. येताना गाडीतच मी त्या ब्राह्मीची आशा सोडली होती.

पहाटे कळशी घेऊन गेले. सोनटक्का फुलला होता, दार उघडताच वास अंगावर आला. अंधुक उजेडात मी खाली बघितलं. गेरूचा नऊ पुसट झाला होता आणि डब्याच्या काठावरून ब्राह्मी हिरवीगार खाली सांडत होती.

तात्या हंडा घेऊन आले. मला ओळखतात का ते मी चेहऱ्यावर शोधत होते. त्यांनी कर्दळीत पाणी ओतलं, हंडा रांगेत ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गावाला गेलेलीस ना? तुझ्या कुंडीत मी घातलं हो."

परळची ती खोली सोडल्यापासून मला असं कुणी म्हणालं नव्हतं. मला रडू आलं, ते मी पदराने पुसलं. मग मी माझी कळशी त्यांच्या हंड्यामागे ठेवली आणि पाणी यायची वाट बघत उभी राहिले.